पट्टी हिरवी झाली त्या संक्रांतीला

शाल्मलीच्या मनगटावरची पट्टी हिरवी झाल्याचं हर्षदाला फोननं सांगितलं आणि गल्लीला हर्षदानं. तिचा आवाजच तसा होता. कराडच्या एस. टी. स्थानकात गाड्यांची घोषणा करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. घरात "चहा झाला" म्हणाली तरी शेजारच्या सुनंदाकाकू आपला कप शोधायच्या, असं तिचा नवरा निरंजन चेष्टेनं म्हणे. पण गेली तीन वर्षं हा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. हर्षदा कुजबुजत बोलायला शिकली होती, आणि तेही एका पट्टीच्या धाकानं.

शाल्मली तिच्या बहिणीची मुलगी. बहीण आजारपणात गेली तेव्हा पोरगी पाच वर्षांची होती. त्यानंतर बापानं तिचे जे हाल केले ते हर्षदाला फार उशिरा कळले. पट्ट्यानं मारणं, दिवसदिवस उपाशी ठेवणं, मोरीत कोंडून बाहेरून कडी लावणं. सगळं बंद दारामागे, आणि बाहेर मात्र 'बिनआईच्या पोरीला कसं सांभाळतोय' म्हणून कौतुक. शाळेतल्या एका बाईंनी तिच्या पाठीवरचे वळ पाहिले आणि बोभाटा केला. हर्षदा तिला घेऊन आली तेव्हा पोरगी बारा वर्षांची होती आणि ताटात पोळी वाढली की आधी दाराकडे बघायची. आता ती पंधराची झाली होती. बाप तुरुंगात होता, पण बापाचा धाक काही त्याच्याबरोबर तुरुंगात गेला नव्हता.

पट्टी आली ती सरकारी योजनेतून. लहानपणी छळ सोसलेल्या मुलांपैकी काही जण ऐन वयात येताना जीव द्यायच्या विचारापर्यंत पोचतात, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. का पोचतात आणि कोण पोचतं, हे आधी सांगता येईल का, एवढाच प्रश्न होता. शास्त्रज्ञांनी त्याचं उत्तर थेंबभर लाळेत शोधलं. मुलाला सतत भीतीत ठेवलं की शरीरात ताणाचं संप्रेरक पाझरत राहतं. हे फार दिवस चाललं की जनुकांवर रेणूंचे बारीक ठिपके चिकटतात. जनुकाचा मजकूर तोच राहतो, पण ठिपका बसलेलं जनुक गप्प होतं. 'संकट टळलं, आता शांत हो' असा निरोप शरीराला द्यायला जे जनुक मदत करतं, नेमकं त्याच्यावरच हे ठिपके बसतात. मग साधं दार आपटलं तरी अशा मुलाचं काळीज तासभर धडधडत राहतं.

हे ठिपके म्हणजे काही विधिलिखित नव्हे, असं योजनेचे डॉ. इनामदार पहिल्या दिवशी बजावून म्हणाले होते. म्हणून तर पट्टी. ती घामातलं संप्रेरक मोजायची, नाडी मोजायची, झोप मोजायची, बोलण्यातला कंप ऐकायची, आणि त्यावरून स्वतःवर आणि पालकाच्या फोनवर एक रंग दाखवायची. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे मोठ्या माणसानं हाकेच्या अंतरावर राहायचं, घरातल्या दारांच्या कड्या काढायच्या, जीव द्यायच्या विषयाचं नाव मुलासमोर चुकूनही घ्यायचं नाही. लाल झाला तर दवाखान्यातली गाडी विचारायला न थांबता निघणार.

शाल्मली आल्यापासून केशरीच होती.

हर्षदानं आधी बिनपगारी रजा घेतली आणि मग नोकरी सोडली. हाकेच्या अंतरावर राहायचं तर दुसरं काय करणार? पोरीची नाडी वाढली की फोन एक विशिष्ट सूर वाजवायचा. शाल्मली जिना चढली की सूर. गणिताचा पेपर हातात पडला की सूर. एकदा वर्गातल्या मुलाचा वाढदिवस होता, सगळी हसत होती, ती पण हसली, आणि बाहेर व्हरांड्यात बसलेल्या हर्षदाच्या पिशवीतून सूर वाजला. पोरं खिडकीतून बघायला लागली. त्या दिवसापासून शाल्मली वर्गात हसायची बंद झाली.

"मावशी, मी नुसती धावले गं," ती म्हणायची.

"असू दे, असू दे," हर्षदा म्हणायची, आणि तरी तिच्याकडे निरखून बघायचीच. तिला स्वतःचाच राग यायचा. भीती अशी असते की ती माया करायलाही नीट देत नाही. कवटाळायला गेलं तरी हात आधी नाडीवर जातो.

आणि मग मार्गशीर्षात एका सकाळी रंग हिरवा झाला. पिवळ्यावर थांबलासुद्धा नाही.

निरंजन पेढे घेऊन आला. डॉ. इनामदारांनी साताऱ्याहून फोन करून अभिनंदन केलं. "सावरली ताई तुमची पोरगी. झोप बघा किती छान लागतेय. संप्रेरकाची पातळी तर माझ्यापेक्षा चांगली आहे." हर्षदा रडली, हसली, मग गल्लीत सांगत सुटली. त्याच रविवारी निरंजननं पेचकस काढला आणि आतल्या खोलीच्या दाराला पुन्हा कडी बसवून दिली. "मोठी झाली आता. तिला तिची खोली पाहिजे," तो म्हणाला. हर्षदाला ते पटलं. न पटायला काय होतं?

पोरगी खरोखरच बदलली होती. दोन पोळ्या जास्त खायची. काकांच्या पाणचट विनोदांना हसायची. एक दिवस हर्षदाच्या केसांना तेल लावत म्हणाली, "मावशी, तू आता स्टँडवर परत जा ना. मी विचारून आले. तुझ्या जागेवर यंत्राचा आवाज लावलाय आणि लोकांना तो आवडत नाही."

"अगं, तू कशाला गेलीस विचारायला?"

"सहज. माझ्यामुळे गेलं ना ते तुझं."

"वेडी आहेस का? तुझ्यामुळे काही गेलं नाही," हर्षदा म्हणाली आणि विषय बदलला. पोरगी तेल जिरवत राहिली. पट्टी हिरवीच होती.

संक्रांत आली. शाल्मली आल्यापासून हर्षदानं हळदीकुंकू केलं नव्हतं. घरात गर्दी झाली की सूर वाजायचा आणि बायकांसमोर पोरगी ओशाळायची. यंदा मात्र रथसप्तमीच्या आधीचा शुक्रवार धरून तिनं साऱ्या गल्लीला बोलावलं. वाण काय लुटायचं याचा विचार करत होती तेव्हा शाल्मलीच म्हणाली, "वाणाचं माझ्याकडे दे. मी बघते. तुला सांगणार नाही, गंमत आहे."

पोरीला कशाचा तरी उत्साह वाटतोय यातच हर्षदाला सगळं आलं. तिनं विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी पाचपासून बायका येऊ लागल्या. निरंजनला रिवाजाप्रमाणे घराबाहेर पिटाळलं होतं. बैठकीत सतरंजी घातली होती, अत्तराचा वास दरवळत होता, आणि हर्षदाचा आवाज जुन्या थाटात परतला होता. "या, या! पाटणवाल्या काकू, इकडे पंख्याखाली बसा!" ती हळदकुंकू लावत होती, तिळगूळ देत होती, मसाला दुधासाठी आत-बाहेर करत होती. शाल्मली तिच्या मागोमाग फिरून एकेकीच्या हातात वाण ठेवत होती. प्रत्येक वाण वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं.

"गुणाची गं बाई पोर," सुनंदाकाकू म्हणाल्या. "नाहीतर आमच्या घरची. सणाला बोलवावं तर कानातलं यंत्र निघत नाही."

शाल्मली हसली, काकूंच्या पाया पडली आणि आत गेली.

दुधाचे पेले गोळा करताना हर्षदाचं लक्ष कोपऱ्यातल्या एका सुनेकडे गेलं. तिच्या मुलीनं वाणाचा कागद फाडला होता आणि त्यातून रंगपेटी निघाली होती. चांगली, परदेशी, चोवीस रंगांची. हर्षदानंच शाल्मलीला गेल्या वाढदिवसाला घेतलेली. मुलगी हरखली होती. हर्षदाला वाटलं, दिली असेल लहान पोरीला. पलीकडे दुसरीच्या मांडीवर निळा स्वेटर होता. पहिल्या थंडीत हर्षदानं स्वतः विणलेला, जो शाल्मली उन्हाळ्यातही उशाला घेऊन झोपायची. तिसरीच्या हातात कंपासपेटी होती, आतल्या पेन्सिलींना टोक करून ठेवलेली.

दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती. कंपासपेटी कुणी कशाला देईल?

"हर्षदा, हे बघ बाई," सुनंदाकाकू तिच्या कानाशी आल्या. "पोरीचा काहीतरी घोटाळा झालाय. चांदीचा आहे हा. आणि वापरातला. असलं वाण कुणी देतं का?"

त्यांच्या तळहातावर करंडा होता. हर्षदाच्या बहिणीचा, लग्नातला. झाकणाच्या कडेला कुंकवाचा जुना लाल पापुद्रा तसाच होता. बापाच्या घरातून निघताना शाल्मलीनं एवढी एकच वस्तू घेतली होती. ती तो कुणाला हात लावू देत नसे. एकदा निरंजननं झाडताना उचलला तर पोरगी थरथरायला लागली होती.

 सण असा की त्यात वस्तू लुटायच्याच असतात. घरातली मुलगी आपलं सगळं वाटून मोकळी होत होती आणि घरभर बसलेल्या बायका तिला गुणाची म्हणत होत्या. मावशीनं तर स्वतःच तिला ते काम सोपवलं होतं.

तिनं कमरेचा फोन काढला. रंग हिरवा. इतका गडद आणि स्थिर की नाडीची रेघ झोपलेल्या बाळाची वाटावी.

स्वयंपाकघरात शाल्मली नव्हती. मागच्या अंगणात नव्हती. आतल्या खोलीचं दार बंद होतं. हर्षदानं ढकललं. आतून कडी होती.

"शालू?"

काही नाही.

"शालू, बाळा, दार उघड. दूध घ्यायचंय ना?"

काही नाही. खिडकीला गज होते आणि आतून पडदा ओढलेला. हर्षदानं डॉ. इनामदारांचा नंबर लावला. तेवढ्या वेळात हातातल्या पेल्यातलं उरलेलं दूध तिच्या साडीवर सांडलं ते तिला कळलं नाही.

"ताई, मी इथं तिचीच रेघ बघतोय," डॉक्टर म्हणाले. "सगळं उत्तम आहे. इतकी शांत तर ती कधीच—"

"तिनं आईचा करंडा देऊन टाकलाय डॉक्टर. सगळं देऊन टाकलंय. अशी एकाएकी शांत झालेली मुलं तुम्ही आधी पाहिलीत ना? त्यांचं पुढं काय झालं?"

"पट्टी ज्यांनी वर्षभर वापरली, ती सगळी सावरली. आमचं सूत्रच त्या नोंदींवरून बसवलंय."

"आणि ज्यांनी वर्षभर वापरली नाही?"

"काहींच्या मध्येच बंद पडतात. मुलं काढून फेकतात, गाव सोडतात. त्या नोंदी अपुऱ्या म्हणून गाळाव्या लागतात."

"बंद पडल्या म्हणजे का बंद पडल्या? कुणी विचारलं का घरी जाऊन?"

कुणी विचारलं नव्हतं.  घाबरलेलं मूल ओळखायला यंत्राला शिकवलं होतं. ज्याची सगळी घालमेल संपली, कारण त्यानं मनाशी काहीतरी पक्कं ठरवून टाकलं, ते मूल ओळखायला शिकवणार कोण? त्या मुलांच्या नोंदी तर कचऱ्यात गेल्या होत्या. त्यांच्या शेवटच्या दिवसांतली शांतता यंत्रानं बरं होणं म्हणून वाचली होती. आपण कुणावर तरी ओझं आहोत ही भावना घामात उतरत नाही, आणि ओझं उतरवून टाकायचं ठरलं की घाम उलट कमीच येतो.

"ताई," डॉक्टरांचा आवाज बदलला होता. "तुम्ही आत्ता तिच्याजवळ आहात का? मी गाडी पाठवतोय. स्वतः येतोय. तोवर तिच्याशी बोलत राहा. आणि ताई, तिला सरळ विचारा."

"तुम्हीच सांगितलं होतं नाव घेऊ नका म्हणून."

"ते चुकीचं होतं. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. विचारा."

बैठकीतल्या गप्पा थांबल्या होत्या. दोघीतिघी बायका पॅसेजमध्ये येऊन उभ्या होत्या, हातात तिळगुळाच्या पुड्या घेऊन. सणाचा दिवस, अंगणात रांगोळी, घरात सवाष्णी. अशा घरात जो शब्द मनातही आणू नये तो हर्षदाच्या जिभेवर आला होता. तिला भयंकर भीती वाटत होती. शब्द उच्चारला आणि आतून काहीच उत्तर आलं नाही तर?

तिनं दाराला कपाळ टेकवलं आणि कुजबुजायचं सोडून दिलं. स्टँडच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहिलेल्या म्हातारीलाही ऐकू जायचा, त्या आवाजात तिनं विचारलं:

"शाल्मली! तू मरायचं ठरवलंयस का?"

"अगं बाई, अभद्र काय बोलतेस सणासुदीला!" मागून कुणीतरी म्हणालं.

"गप्प बसा!" हर्षदा मागे न बघता ओरडली. "शालू, मी रागावणार नाही. रडणार नाही. पळत जाऊन कुणाला सांगणार नाही, सगळ्यांनी ऐकलंच आहे. मला फक्त सांग. ठरवलंयस का?"

घरात आवाज राहिला नाही. पंखा फिरत होता तेवढाच.  सुनंदाकाकू पुढे आल्या आणि काही न बोलता तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मग आतून, दाराच्या अगदी खालच्या बाजूनं, जमिनीवर बसलेल्या माणसाचा आवाज आला.

"हो."

हर्षदाच्या कमरेचा फोन किंचाळला. हिरव्याचा पिवळा नाही, केशरी नाही, एकदम लाल. सूर घरभर घुमला. ज्या सुरानं तिची झोप उडवली होती, नोकरी घालवली होती, तो ऐकून हर्षदा दाराशी खाली बसली. आत कुणीतरी घाबरलेलं होतं. म्हणजे आत कुणीतरी होतं.

"मी इथंच बसलेय," ती दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाली. "तुझ्याच उंचीला. कधी ठरवलंस?"

"मार्गशीर्षात," ती म्हणाली. "तुझी नोकरी संपल्याचं पत्र आलं होतं ना. काकांना तू म्हणालीस, गेली ती गेली. मला वाटलं, मी नसले तर तुला सगळं परत मिळेल."

"आणि तू मला परत कशी मिळणार?"

आतून रडण्याचा आवाज आला. लहान पोरासारखा, हुंदके देत, श्वास अडकत. तीन वर्षांत हर्षदानं तिला असं रडताना ऐकलं नव्हतं. बापाच्या घरी रडलं की जास्त मार बसायचा, म्हणून पोरगी आवाज न करता रडायला शिकली होती.

"मला मरायचंच आहे असं नाही गं मावशी," ती हुंदक्यातून म्हणाली. "पण मला हे थांबवायचंय. मला कळत नाही कसं थांबवायचं."

"मलाही कळत नाही. आपण दोघी मिळून विचारू. कडी काढ."

कडी निघायला फार वेळ लागला. निघाली तेव्हा दारात एक सुजलेला चेहरा होता. खोली इतकी आवरलेली होती की हर्षदाच्या अंगावर काटा आला. तिनं पोरीला कवटाळलं आणि पहिल्यांदाच तिचा हात नाडीवर गेला नाही. मागे बायका एकेक करून उठल्या. कुणी पेले विसळले, कुणी निरंजनला फोन लावला. रंगपेटी, स्वेटर, कंपास, करंडा, सगळं आणून गुपचूप ओट्यावर ठेवलं. त्या बायका गल्लीत कुणाचं काही झाकलेलं राहू देत नसत, पण त्या दिवसाबद्दल पुढे कुणी चकार शब्द काढला नाही.

डॉक्टर आले. शाल्मलीनं मनात जे ठरवलं होतं ते सगळं त्यांना सांगितलं आणि हर्षदानं मध्ये एकदाही न तोडता ऐकलं.  निरंजननं घरातून जे हलवायला हवं होतं ते हलवलं. दवाखान्यात काही दिवस राहायचं ठरलं, औषध ठरलं, रोज बोलायला येणारी एक बाई ठरली. निघण्यापूर्वी डॉक्टरांनी पट्टीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "गाळलेल्या घरांची दारं आता मी ठोठावणार आहे, ताई," ते म्हणाले. "काय उत्तरं मिळतील याची मला भीती वाटते." हर्षदानं त्यांना धीर दिला नाही. तिच्याकडे द्यायला शिल्लक नव्हता.

दवाखान्याच्या खोलीत खाटेवर पोरगी कुशीवर पडली होती. पट्टी काढून टेबलावर ठेवली होती, रंग विझलेला. हर्षदा खुर्चीत बसली होती, आता बघायला तिच्याकडे कुठलाच रंग नव्हता.

"मावशी, उद्या पण विचारशील?"

"रोज विचारीन."

"मी हो म्हटलं तर?"

"तर आज केलं तेच करू. बसू, बोलू, डॉक्टरांना बोलवू."

शाल्मली उताणी झाली. "आणि एखाद्या दिवशी मी नाही म्हटलं, आणि ते खोटं असलं तर? तुला कळेल?"

हर्षदाला 'कळेल' म्हणायचं होतं. सगळ्या आया, सगळ्या मावश्या तसंच म्हणतात. तिच्या तोंडात तो शब्द आलाही होता.

"नाही कळणार," ती म्हणाली. "मला त्याचीच भीती वाटते."

पोरगी तिच्याकडे वळली. कितीतरी वेळ ती मावशीचा चेहरा बघत होती, जणू खरं बोलणारं मोठं माणूस तिनं याआधी पाहिलंच नव्हतं. मग ती भिंतीकडे सरकली आणि खाटेवर मावशीपुरती जागा केली.